रेबीजची अँटीबॉडी तपासायला रेबीजचाच विषाणू लागतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाशिकमधला एक गट दोन वर्षांपासून पंचवटी, टाकळी आणि सातपूर भागात भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचतो आहे. लस खरंच लागू पडली का, हे रक्त तपासून बघायचं त्यांच्या मनात आहे. कुणीतरी त्यांना सांगितलं की आता ही तपासणी 'नकली' विषाणूवर होते, खऱ्या रेबीजला हातही लावावा लागत नाही. हे खरं का, त्यात धोका किती, निकालावर विश्वास ठेवावा का, आणि नाशिकमध्येच ती होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पशुवैद्यक. नोकरीची बरीच वर्षं प्रयोगशाळेत सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पिवळसर पाणी, तपासण्यात गेली, खऱ्या विषाणूवरही आणि नकलीवरही. आता नाशिकला स्थायिक आहे. तुम्हाला मिळालेली माहिती खरी आहे. फक्त 'नकली' या शब्दामुळे काही जणांना ती तपासणीच नकली वाटते, म्हणून आधी ती चालते कशी ते सांगतो.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असतो. लांबी साधारण १८० नॅनोमीटर, जाडी ७५ च्या आसपास. सगळा कारभार अवघ्या पाच प्रथिनांवर चालतो. त्यातली चार आत असतात. बाहेरच्या अंगावर एकच, ज्याला आम्ही 'जी' प्रथिन म्हणतो. त्याचे काटे गोळीभर लागलेले असतात आणि त्यांच्याच जोरावर विषाणू पेशीला चिकटून आत शिरतो. लस दिल्यावर कुत्र्याच्या शरीरात विषाणूला अडवणाऱ्या ज्या अँटीबॉडी तयार होतात, त्या या जी प्रथिनाला धरतात. आतल्या प्रथिनांविरुद्धही अँटीबॉडी होतात, पण त्या विषाणूला दारात थोपवू शकत नाहीत.

म्हणजे 'या कुत्र्याच्या सिरममध्ये रेबीज अडवायची ताकद आहे का?' हा प्रश्न खरं तर 'हे सिरम जी प्रथिनाला अडवतं का?' इतकाच आहे. विषाणूच्या पोटात काय आहे, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही.

जुन्या पद्धतीत मात्र अख्खा जिवंत विषाणू घ्यावा लागतो. दोन चाचण्या जगभर मान्य आहेत: १९७३ साली आलेली आरएफएफआयटी आणि १९९८ ची एफएव्हीएन. दोन्हींत सीव्हीएस-११ नावाचा, पाश्चरच्या मूळ विषाणूच्या वंशातला, प्रयोगशाळेत रुळलेला विषाणू वापरतात. सिरमचे टप्प्याटप्प्याने पातळ केलेले थेंब घ्यायचे, त्यात मोजून विषाणू घालायचा, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं, मग हॅम्स्टरच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी टाकायच्या. एफएव्हीएनमध्ये ४८ तासांनी पेशी ॲसिटोनने स्थिर करून चमकणारा रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. सफरचंदी हिरवे ठिपके दिसले तर विषाणू आत शिरला, काळोख असेल तर सिरमने त्याला अडवलं.

चाचणी उत्तमच आहे. पण रोज सकाळी पिपेटमध्ये जिवंत रेबीज ओढणं म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. काम करणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः लस घेतलेली हवी, त्याचं टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं मोजमाप, वेळोवेळी तपासायला हवं, खोली वेगळी, हवेचा दाब वेगळा, कचऱ्याची विल्हेवाट वेगळी. लक्षणं सुरू झाल्यावर ज्या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्याचा विषाणू आहे हा. म्हणून अशा प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे नमुना पोचवायचा तर खर्च आणि वेळ दोन्ही जातात. कुत्र्यांच्या लसीकरणाच्या अनेक मोहिमा अँटीबॉडी न तपासताच संपतात, त्याचं एक मोठं कारण हेच.

आता नकली विषाणूकडे येतो. लहानपणी आमच्या गावात बहुरूपी यायचा. फौजदाराचा वेश, छातीवर पट्टा, हातात दंडुका, आणि दारात उभा राहून "चला चौकीवर!" अशी आरोळी. आजी घाबरायची, आजोबा हसून पसाभर धान्य घालायचे. वर्दी बघून कुणीही फसावं, पण त्याला अटक करता येत नसे. नकली विषाणू, ज्याला आम्ही स्यूडोटाइप म्हणतो, तोही असाच बहुरूपी. बाहेरची वर्दी रेबीजची, म्हणजे खरंखुरं जी प्रथिन. आत माणूस वेगळाच.

तो बनवतात असा: माणसाच्या पेशींची २९३-टी नावाची एक जात प्रयोगशाळेत सहज वाढते. तिच्यात डीएनएची तीन वेगवेगळी वर्तुळं सोडतात. एकावर दुसऱ्याच एखाद्या विषाणूच्या, बहुधा लेंटीव्हायरसच्या (एचआयव्हीच्या कुळातल्या विषाणूच्या), सांगाड्याची माहिती असते. दुसऱ्यावर फक्त एक खूण करणारं जनुक. तिसऱ्यावर रेबीजचं जी प्रथिन. पेशी या तिन्हींतून कण जुळवते आणि बाहेर सोडते. दोन-तीन दिवसांनी वरचं पाणी गाळून घेतलं की बहुरूपी तयार. ते उणे ८० अंशांवर साठवायचं. या कणात रेबीजची १२,००० अक्षरांची जनुकसंहिता नाहीच. तो पेशीत एकदा शिरतो, खुणेचं जनुक ठेवतो आणि तिथेच संपतो. त्याला पिलं होत नाहीत. माहिती तीन वर्तुळांवर फोडून ठेवलेली असते, ती यासाठीच. दुसरी पद्धत व्हीएसव्ही या रेबीजच्या लांबच्या भाऊबंदावर चालते. त्याचं स्वतःचं बाहेरचं प्रथिन काढून टाकतात आणि रेबीजचं चढवतात. तिचा निकाल एका दिवसात मिळतो.

खुणेचं जनुक कोणतं, यावर वाचन ठरतं. ल्युसिफरेज असेल तर पेशी उजळतात. हा तोच पदार्थ, जो काजव्याच्या पोटात असतो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला इगतपुरीवरून गाड्यांची रांग लागते, तोच उजेड इथे ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये यंत्राने मोजायचा. उजेड जितका कमी, तितकी सिरममध्ये अँटीबॉडी जास्त. हिरवं चमकणारं प्रथिन घातलं तर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. पण मला सगळ्यात आवडलेली युक्ती लॅक-झेड जनुकाची. त्यात रंग बदलतो आणि साध्या एलायझा रीडरवर, म्हणजे रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर, नाहीतर नुसत्या डोळ्यांनीही, निकाल दिसतो. २००९ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या सर्वेक्षणासाठी ही स्वस्त पद्धत मांडली होती. आदल्या वर्षीच्या त्यांच्या कामात लेंटीव्हायरसच्या बहुरूप्याचे निकाल एफएव्हीएनशी चांगले जुळले होते, आणि सिरम लागलं होतं फक्त १० मायक्रोलीटरच्या आसपास, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी.

या थेंबाचं महत्त्व आपल्याकडे विशेष आहे. निफाड-सिन्नरच्या उसात सापडलेला बिबट्या किंवा एखादं कोल्ह्याचं पिलू, यांचं रक्त भरपूर मिळत नाही. शिवाय एलायझा या अँटीबॉडीच्या दुसऱ्या चाचणीच्या अनेक किट कुत्र्या-मांजरांसाठी बनवलेल्या असतात, बिबट्याच्या अँटीबॉडी त्यांना ओळखता येतीलच असं नाही. 'अडवलं की नाही' बघणाऱ्या चाचणीला प्राणी कोणता याची फिकीर नसते.

धोक्याचं म्हणाल तर तो फार कमी आहे, शून्य नाही. लेंटीव्हायरसचा कण पेशीत शिरून आपली खूण तिथे कायमची बसवतो, म्हणून काम दुसऱ्या पातळीच्या सुरक्षित कॅबिनेटमध्येच करायचं, हातमोजे घालायचे, सगळा कचरा ऑटोक्लेव्ह करायचा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचा. हे जनुकीय बदलाचं काम असल्यामुळे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगीही लागते. आपल्याकडचे १९८९ चे नियम त्यासाठीच आहेत. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: रेबीज रक्तातून फिरत नाही, मज्जातंतूंमधून चढतो. त्यामुळे कुत्र्याच्या सिरमच्या नळीत रेबीजचा विषाणू असण्याची भीती जवळपास नाही. भीती आहे ती रक्त काढताना चावण्याची. तुमच्या गटातल्या प्रत्येकाने आधी स्वतःचं लसीकरण करून घेतलंय ना? नसेल तर बाकीचं सगळं नंतर.

आता विश्वासार्हतेबद्दल, आणि इथे माझीच एक फजिती सांगतो. एका वर्षी आमच्याकडे साठेक कुत्र्यांचे नमुने आले. पहिल्या दोन प्लेट वाचल्या तर जवळजवळ सगळी कुत्री पास, टायटरही एकाहून एक चढे. मोहीमवाल्यांना मी फोन करून अभिनंदनही करून टाकलं. तिसऱ्या प्लेटवर आमच्या मदतनीस मुलीने एक नमुना चिमट्यात धरल्यासारखा माझ्यापुढे केला. "सर, हे आपल्याच आवारातलं पिल्लू आहे. याला लस दिलेलीच नाही." त्याचंही टायटर उत्तम!

झालं असं होतं की मध्यंतरी फ्रीझर रात्रभर बंद पडला होता आणि साठवलेला बहुरूपी वितळून पुन्हा गोठला होता. बहुतेक कण मेले होते. विषाणूच कमजोर असेल तर थोडी अँटीबॉडीही त्याला पुरून उरते, आणि फारच कमजोर असेल तर नुसता काळोख बघून आपल्याला वाटतं सिरमने अडवलं. नुसता विषाणू आणि पेशी असलेले खळगे प्रत्येक प्लेटवर ठेवलेले असतात, ते मी बघितलेही होते. त्यांचा उजेड मंद होता, पण शून्य नव्हता, म्हणून चालवून घेतलं. अभिनंदनाचा फोन मागे घेताना काय बोललो ते इथे लिहीत नाही.

म्हणून कुणी तुम्हाला स्यूडोटाइपचा अहवाल दिला तर आकडा बघण्याआधी तीन गोष्टी विचारा. त्या प्लेटवर नुसत्या विषाणूचा उजेड पुरेसा होता का? लस न दिलेल्या कुत्र्याचं सिरम त्यात होतं का? आणि आंतरराष्ट्रीय प्रमाण सिरम, ज्याची ताकद आधीच ठरलेली असते, ते त्याच प्लेटवर चालवलं का? या तिसऱ्याशिवाय निकाल 'आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली'मध्ये मांडताच येत नाही. एका प्रयोगशाळेतला बहुरूपी दुसऱ्या प्रयोगशाळेतल्यासारखा नसतो. कुणाच्या कणावर काटे दाट, कुणाच्या विरळ. प्रमाण सिरमशी तुलना केली तरच दोन्हीकडचे आकडे एका भाषेत बोलतात.

तो आकडा म्हणजे ०.५. हा जागतिक आरोग्य संघटनेनेही धरला आहे आणि प्राण्यांसाठीच्या जागतिक संघटनेनेही. ०.५ किंवा जास्त म्हणजे लसीला शरीराने नीट प्रतिसाद दिला. पण उलट वाचू नका. ०.३ आलेल्या कुत्र्याला संरक्षणच नाही असं होत नाही. पहिल्याच लसीनंतर टायटर साधारण महिन्याभरात शिखरावर जातं आणि मग उतरू लागतं. सहा-आठ महिन्यांनी तपासलं तर बरीच कुत्री ०.५ च्या खाली दिसतात, तरी शरीराची आठवण शाबूत असते. पिलांचा प्रतिसाद बऱ्याचदा कच्चा असतो, आईकडून आलेल्या अँटीबॉडी लसीलाच खाऊन टाकतात. म्हणून तुम्ही लस दिल्यापासून किती दिवसांनी रक्त काढलं, हे अहवालात नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. मोहिमेची तपासणी करायची तर चार आठवड्यांच्या आसपास रक्त घ्या.

नमुना हा माझ्या मते सगळ्यात कच्चा दुवा. टाकळीच्या बाजूला गोदावरीच्या काठी आम्ही एकदा पहाटे साडेपाचला गेलो होतो. थंडीत कुत्री राखेच्या ढिगांवर गोल होऊन पडलेली असतात, तेव्हा हाताला येतात. उन्हं चढली की एकही सापडत नाही. एक पिवळसर कुत्री बिस्किटांवर भुलून शांत उभी राहिली, पुढच्या पायाची शीर बोटाखाली लागली, आणि मागून दूधवाल्याची मोटारसायकल फटफटत आली. सुई हलली, रक्त फेसाळून सिरिंजमध्ये आलं. दुपारी सेंट्रिफ्यूज केल्यावर सिरम फिकट पिवळं यायच्या ऐवजी कोकम सरबतासारखं लाल. पेशी फुटल्या होत्या. असं सिरम पेशींनाच मारतं, आणि मेलेल्या पेशी उजळत नाहीत. म्हणजे पुन्हा काळोख, पुन्हा खोटा 'पास'. ती नळी आम्ही फेकली. कुत्री मात्र नंतर दोन दिवस बिस्किटासाठी गाडीमागे येत होती.

रक्त लाल झाकणाच्या साध्या नळीत घ्या, जांभळ्या झाकणाच्या नको, त्यातलं रसायन पेशींना सोसत नाही. नळी अर्धा-पाऊण तास उभी ठेवून गुठळी होऊ द्या, थेट बर्फात घालू नका. सिरम वेगळं केलं की मग फ्रीझरमध्ये. गुठळीसकट रक्त कधीही गोठवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी निघालेलं कुरिअर कसारा घाट उतरेपर्यंत बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं असतं, हे मी स्वतः डबा उघडून पाहिलंय. रात्रीच्या गाडीने पाठवा.

किती कुत्री? लस दिलेल्यांपैकी साधारण ७० टक्क्यांत अँटीबॉडी असतील असा अंदाज धरला आणि उत्तर दहा टक्क्यांच्या फरकाने चाललं, तर ८० च्या आसपास नमुने पुरतात. पण ते ८० कोणते, हे जास्त महत्त्वाचं. जी शेपटी हलवत येतात त्यांचंच रक्त घेतलं, तर ती दोन-दोनदा लस घेतलेली लाडकी कुत्री असतात. लांबून भुंकणारी चार पकडलीत तर खरं चित्र कळेल. कापलेल्या कानाची खूण निर्बीजीकरणाची असते, तुमच्या लसीची नव्हे, त्यामुळे रंगाची किंवा पट्ट्याची वेगळी खूण आणि वही हवी. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला आधी सांगा. त्यांचा श्वान-गणनेचा आकडा मिळाला तर तुमचं निम्मं काम होईल. जगात रेबीज थोपवण्यासाठी दर वेळी किमान ७० टक्के कुत्र्यांना लस देण्याचं लक्ष्य धरतात. ते सगळ्या कुत्र्यांपैकी ७० टक्के, आणि वरचे ७० टक्के फक्त लस दिलेल्यांपैकी. या दोन आकड्यांची गल्लत नेहमी होते.

नाशिकमध्ये होईल का? यंत्रं फार अवघड नाहीत. सुरक्षित कॅबिनेट, कार्बन डायऑक्साइडचं इन्क्युबेटर, उणे ८० चा फ्रीझर, एलायझा रीडर आणि पेशी वाढवायचा हात असलेलं माणूस. पेशींवर काम चालतं अशा कुठल्याही महाविद्यालयात हे बसू शकतं. बहुरूपी तयार करणं अवघड, तयार मिळाला तर वापरणं सोपं. म्हणून माझा सल्ला: विषाणू तुम्ही बनवायच्या भानगडीत पडू नका. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्याशी करार करा आणि पहिल्या वर्षी दहा टक्के नमुने आरएफएफआयटी किंवा एफएव्हीएनकडे ताळ्यासाठी पाठवा. ताळा जुळला की मग पुढे बोला. निधी फारच तोकडा असेल तर आधी एलायझाने चाळून घ्या. एलायझा 'चिकटलं का' सांगते, 'अडवलं का' नाही, पण मोहिमेचा ढोबळ अंदाज येतो.

दोन ठिकाणी ही चाचणी वापरू नका. पहिलं, परदेशी जाणारं कुत्रं. गंगापूर रोडच्या एका कुटुंबाने लॅब्रेडॉर जर्मनीला न्यायचं ठरवलं आणि माझ्याकडे आले तेव्हा लस आधी, ओळखीची मायक्रोचिप नंतर, अशी उलटी क्रिया झालेली. युरोपीय संघाला चिप आधी हवी, मग लस, लशीनंतर किमान ३० दिवसांनी मान्य प्रयोगशाळेत रक्त, आणि रक्त काढल्यापासून ३ महिने थांबणं. तिथे स्यूडोटाइपचा कागद कुणी बघणार नाही. बिचाऱ्यांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

दुसरं, चावलेलं कुत्रं. "डॉक्टर, त्याची अँटीबॉडी तपासा, म्हणजे पिसाळलेलं आहे की नाही कळेल," हे मी किती वेळा ऐकलं असेन. कळत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रक्तात बऱ्याचदा अँटीबॉडी नसतेच, आणि असली तरी ती लसीची की आजाराची हे सांगता येत नाही. रेबीजचं निदान मेल्यानंतर मेंदूच्या तुकड्यावर होतं. कुणाला चावलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुत्रं हाताशी असेल तर दहा दिवस नजरेखाली ठेवा. पण लस त्यासाठी थांबवू नका, कुठल्याही निकालासाठी नाही.

टाकळीपासून सुरुवात करणार असाल तर पहिल्या पहाटे दहाच कुत्री घ्या. त्यातली तीन लस न दिलेली असू द्या, आणि त्या तीन नळ्यांवर तसं लिहू नका. फक्त तुमच्या वहीत ठेवा. प्रयोगशाळेचा अहवाल आला की आधी तीच तीन नावं शोधा.